वाड्याबाहेरचे निळू फुले : सांस्कृतिक कार्य संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
सांस्कृतिक कार्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : चरित्र अभिनेत्यांच्या भूमिकांची पद्धतशीर नोंद – निळू फुले यांच्या कारकिर्दीच्या संदर्भात

महोदय,

मराठी रंगभूमी आणि मराठी चित्रपट यांच्या इतिहासलेखनात नाटककाराला, दिग्दर्शकाला आणि नायक-नायिकांना हक्काची जागा मिळाली. चरित्र अभिनेता मात्र बहुधा यादीत उरला. कथेचा नायक नसूनही जो वय, जात, धंदा, बोली आणि स्वभाव यांसह एक संपूर्ण माणूस उभा करतो आणि ज्याच्यामुळे नायकाचे जग प्रेक्षकाला खरे वाटू लागते, त्या नटाला चित्रपटव्यवसायात चरित्र अभिनेता म्हणतात. अशा नटाची कारकीर्द शेकडो लहानमोठ्या भूमिकांत विखुरलेली असते आणि ती कुणी गोळा केली नाही, तर लोकांच्या स्मरणात त्यातले सर्वांत ठसठशीत तेवढेच टिकते, बाकीचे झडून जाते. निळू फुले यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे, म्हणून त्यांचे उदाहरण घेऊन हे पत्र संचालनालयाला उद्देशून लिहिले जात आहे.

13 जुलै 2009 रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतरच्या काळात स्नेहसंमेलनांत, वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत त्यांची जी आठवण जागवली जाते, ती जवळजवळ एकाच नकलेत सामावते : मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, आवाज घशात ओढलेला, आणि कुणा बाईला वाड्यावर येण्याचे फर्मान. ते वाक्य कोणत्या चित्रपटात, कोणत्या प्रसंगी आले, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता येईल. नकलेला त्याची गरजही नसते. नक्कल हा लोकप्रियतेचा पुरावा आहे आणि तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती अशी की, या नकलेच्या पलीकडे पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगा सुसूत्र ऐवज फार थोडा आहे.

निळकंठ कृष्णाजी फुले यांची घडण नाट्यशाळेत झाली नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून नोकरी आणि राष्ट्र सेवा दलाचे काम, अशी त्यांच्या तरुणपणाची चौकट होती. सेवा दलाचे कलापथक म्हणजे समाजवादी विचार गावोगाव पोचवण्यासाठी गाणी, पोवाडे, छोटी प्रहसने आणि लोकनाट्ये करणारा हौशी कार्यकर्त्यांचा संच; दादा कोंडके आणि राम नगरकर यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले विनोदी नटही याच मुशीतून आले. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' या लोकनाट्यात फुल्यांनी रंगवलेला रोंगे कलापथकाच्या वर्तुळात गाजला आणि शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना व्यावसायिक रंगमंचावर आणले.

लोकनाट्य हा तमाशाच्या अंगाने गेलेला, पण लावणी-नृत्यापेक्षा संवाद आणि भाष्य यांवर अधिक भर देणारा नाट्यप्रकार आहे. तमाशातला वग, म्हणजे गणगौळण आणि बतावणी संपल्यावर सुरू होणारे मुख्य कथानक, हा त्याचा सांगाडा. पण या सांगाड्याला लिहिलेल्या संहितेचा धाक नसतो. नटाने समोरच्या गावचा सरपंच कोण, यंदा पाऊस कसा आहे, आदल्या रात्री कोणती सभा झाली, हे हेरून संवाद वाढवायचे वा तोडायचे असतात; हशा उसळला की थांबायचे, तो ओसरण्याच्या बेताला आला की पुढचा शब्द टाकायचा असतो. फुल्यांच्या पुढच्या सगळ्या अभिनयाचा पाया हा थांबा आहे. पडद्यावर ज्याला लोक त्यांची 'खास शैली' म्हणून ओळखतात, ते वाक्याच्या अलीकडचे रेंगाळणे आणि वाक्य संपल्यावरही समोरच्यावरून न हटणारी नजर, हे मूळचे उघड्या मैदानातल्या प्रेक्षकाशी केलेल्या व्यवहारातून आले आहे. फरक इतकाच की, मैदानात तो थांबा हशासाठी होता आणि कॅमेऱ्यासमोर त्याचीच दहशत झाली.

1968 साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटातील झेले अण्णा या भूमिकेने फुले चित्रपटात स्थिरावले. या भूमिकेचे यश केवळ नटाच्या गुणांनी समजत नाही. त्यासाठी त्या दशकातील ग्रामीण सत्तेची उलथापालथ लक्षात घ्यावी लागते. पाटीलकी, म्हणजे गावचा महसूल आणि बंदोबस्त सांभाळण्याचा वंशपरंपरागत अधिकार, राज्याने 1962 च्या कायद्याने संपुष्टात आणली. त्याच वर्षी 1 मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आणि प्रवरेच्या काठी 1950 च्या सुमारास सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याचा कित्ता राज्यभर गिरवला जाऊ लागला. जुन्या पाटलाच्या हातून दप्तर गेले, पण त्याच्या घरातल्या पुढच्या पिढीच्या हाती पंचायत, सोसायटी, बँक आणि कारखाना आला. थोडक्यात, पाटीलकी कायद्याने गेली तेव्हाच ती पडद्यावर अधिक जोमाने आली, आणि तिला तोवर नसलेला एक चेहरा हवा होता : घोड्यावरून न येता जीपमधून उतरणारा, चाबकाऐवजी ठराव वापरणारा, मतदाराला 'मालक' म्हणणारा. फुल्यांच्या आधी ग्रामीण चित्रपटांत खलनायक होतेच, पण ते वाईट आहेत हे त्यांच्या मिशांवरून कळत असे. फुल्यांचा पुढारी मात्र प्रथमदर्शनी सभ्य, किंबहुना आर्जवी दिसतो, आणि तो काय करू शकतो याचा अंदाज प्रेक्षकाला त्याच्या आवाजाची पट्टी खाली गेल्यावर येऊ लागतो.

या व्यक्तिरेखेचे सर्वांत परिपक्व रूप डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना' या चित्रपटात आहे. रामदास फुटाणे यांची निर्मिती आणि विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेला हा कृष्णधवल चित्रपट 1975 साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील (फुले) आणि दारूत बुडालेला, एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक मास्तर (डॉ. श्रीराम लागू) यांच्यातला हा सामना आहे. गावात उपटलेल्या या बेवारस म्हाताऱ्याला हिंदूराव स्वतःच्या घरी आणतो, त्याची बडदास्त ठेवतो, आपले साम्राज्य त्याला कौतुकाने दाखवतो. आणि तो म्हातारा मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच विचारत राहतो. दुसऱ्या कुणी हिंदूरावाला पहिल्याच प्रश्नाला खवळवला असता. फुले त्याला आतिथ्यशील ठेवतात. मास्तरबद्दल हिंदूरावाला खरोखर कुतूहल आहे, कदाचित आपल्याला कुणीतरी बरोबरीच्या बुद्धीचा माणूस भेटल्याचा आनंदही आहे, आणि तो प्रश्न पुन्हा आला की त्या आतिथ्याला जाणारा तडा हसू न मोडता दाखवला जातो. ओठ हसतच राहतात, पापणी मात्र थांबते. पोलिस आणि पुरावे यांच्या बळावर ढासळणारा खलनायक मराठी पडद्याला नवा नव्हता. नुसत्या एका प्रश्नाच्या आवर्तनाने आतून पोखरला जाणारा सत्ताधीश नवा होता, आणि तो लागूंच्या मास्तरइतकाच फुल्यांच्या संयमाने शक्य झाला.

त्यानंतर 1979 साली याच दिग्दर्शकाने आणि याच पटकथाकाराने, अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरून 'सिंहासन' केला, तेव्हा या दोन नटांच्या जागांची अदलाबदल झाली. लागू मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाले आणि फुले झाले पत्रकार दिगू टिपणीस. दिगूची भूमिका ही पटकथेतील सर्वांत अवघड जागा म्हटली पाहिजे, कारण त्याच्या हाती घटना घडवण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. तो मंत्र्यांच्या दालनांतून फिरतो, ऐकतो, हसून दाद देतो, बातमी कोणती आणि अफवा कोणती हे मनाशी तोलतो, आणि सगळे ठाऊक असल्याच्या ओझ्याखाली अखेर त्याचे भान सुटते. नजरेने दहशत बसवणाऱ्या नटाने येथे तीच नजर केवळ पाहण्यासाठी वापरली आहे. 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला अभिनयकलेतील एक मूलभूत गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय कळू शकते : नटाचे साहित्य, म्हणजे त्याचा देह, आवाज आणि सवयी, तेच राहते, बदलतो तो त्या साहित्याचा व्यक्तिरेखेशी असलेला करार. विद्यापीठांतील नाट्यविभागांनी ही जोडी अभ्यासक्रमात एकत्र लावायला हवी होती असे वाटते, पण तो या पत्राचा विषय नव्हे.

चित्रपट निदान पाहता तरी येतात. खरी अडचण रंगभूमीची आहे, आणि संचालनालयाचा थेट संबंध तेथेच येतो. 1972 साली कमलाकर सारंग यांनी दिग्दर्शित केलेल्या, विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकात फुल्यांनी सखारामची भूमिका केली. लालन सारंग चंपा आणि कुसुम कुलकर्णी लक्ष्मी होत्या. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून, आपल्या अटींवर आणि आपल्या मर्जीपुरते ठेवणारा हा पुस्तकबांधणी करणारा कारागीर जन्माने ब्राह्मण असला, तरी ब्राह्मण्याचे कोणतेही सोंग त्याने उरू दिलेले नाही. चिलीम ओढावी, मृदंग वाजवावा आणि आपण ढोंगी नाही याचा गर्व मिरवावा, असा तो माणूस आहे. पहिल्या अंकात तो नव्याने आणलेल्या लक्ष्मीला घराचे नियम ऐकवतो, तेव्हा प्रेक्षकाला त्याचा संताप यावा आणि तरीही त्याच्या सरळपणाने तो काहीसा खिळूनही जावा, अशी नाटकाची मागणी आहे. आणि अखेरीस, हातून चंपाचा खून झाल्यावर, हाच बोलघेवडा पुरुष सुन्न होऊन बसतो आणि पुढचे सारे देवभोळी लक्ष्मी निभावू लागते. बढाईपासून बधिरतेपर्यंतचा हा प्रवास तीन अंकांत करताना आवाजाची, अंगाची आणि मौनाची कोणती मांडणी नटाने केली असेल, हा नाट्यशिक्षणाच्या दृष्टीने पहिल्या प्रतीचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधू पाहणाऱ्याच्या हाती काय लागते? नाटकाची छापील संहिता लागते. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे सादर होण्यापूर्वी नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या शासकीय मंडळाने, सुचवलेल्या काटछाटीचा आणि त्यातून उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या लढ्याचा वृत्तान्त लागतो. स्वतः कमलाकर सारंगांचे 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक त्यासाठी मोलाचे आहे. म्हणजे कोणते शब्द आक्षेपार्ह ठरले याचा माग काढता येतो, पण ते शब्द उच्चारणाऱ्या नटाने ते कसे उच्चारले याचा माग विखुरलेल्या आठवणींत आणि वृत्तपत्रांच्या कात्रणांत घ्यावा लागतो. नाटक रंगमंचावर येण्याआधी त्याचा प्रत्येक शब्द वाचणारी व्यवस्था राज्याने उभी केली. ते रंगमंचावर आल्यानंतर त्याकडे लक्ष ठेवणारी व्यवस्था त्याच आस्थेने उभी झाली नाही, ही विसंगती संचालनालयाच्या नजरेस आणून देणे हा या पत्राचा मुख्य हेतू आहे.

सखारामच्या शेजारी जयवंत दळवी यांच्या 'सूर्यास्त' नाटकातील अप्पाजी ठेवून पाहावा. स्वातंत्र्यलढ्यात आयुष्य घालवलेला, सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या स्वतःच्या मुलासमोर उभा ठाकणारा हा वृद्ध गांधीवादी फुल्यांच्या पडद्यावरील पुढाऱ्यांचा जणू फिर्यादी पक्ष आहे. ज्या काळात चित्रपटगृहात लोक त्यांच्या नावाने बोटे मोडत होते, त्याच काळात नाट्यगृहात ते सचोटीचे बळ आणि तिची हतबलता दाखवत होते. ग्रामीण भागात स्त्रिया त्यांना प्रत्यक्ष पाहून घाबरत वा शिव्याशाप देत, ही हकिकत अनेकदा सांगितली जाते आणि ती त्यांच्या यशाची पावती म्हणून सांगितली जाते. पण त्या स्त्रियांपर्यंत अप्पाजी पोचला नाही, हेही त्या हकिकतीत दडलेले आहे. चित्रपटाची पेटी तालुक्याच्या तंबूपर्यंत जात असे, गंभीर नाटक मात्र मोजक्या शहरांच्या नाट्यगृहांत अडकून पडत असे. त्यामुळे एकाच नटाच्या दोन प्रतिमा दोन वेगळ्या महाराष्ट्रांत वाढल्या आणि त्यांतली संख्येने मोठी असलेली उरली.

येथे स्तुतीला थोडा आवर घालणे आवश्यक आहे. फुल्यांच्या चित्रपटांची संख्या मोठी आहे आणि त्यांपैकी पुष्कळ भूमिका एकाच साच्यातून काढलेल्या आहेत. ग्रामीण चित्रपटांच्या लाटेत निर्मात्यांना दरवेळी तोच पाटील, तोच सरपंच, तोच सहकारमहर्षी हवा असे आणि फुले तो देत; स्त्रीवरील बळजबरीचे प्रसंग या चित्रपटांत निषेधासाठी कमी आणि करमणुकीसाठी अधिक येत, आणि नटाच्या वैयक्तिक सचोटीने त्या प्रसंगांचे समर्थन होत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत उभा राहणारा, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर 'लग्नाची बेडी' या नाटकाचे दौरे करणारा कार्यकर्ता आणि हा बाजारू खलनायक एकाच माणसात कसे नांदले, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकाराने टाळू नये. उपजीविका हे त्याचे एक उत्तर आहे आणि ते प्रामाणिक आहे. पूर्ण मात्र नाही. भूमिकांची सविस्तर नोंद हवी ती यासाठीही, की गौरवग्रंथात गाळल्या जाणाऱ्या या सामान्य चित्रपटांतही एखादा प्रसंग, एखादी नजर अशी निघते, की साचा नटाने आतून कुठे सैल केला ते दिसते.

हिंदी चित्रपटांतील त्यांच्या कामाविषयी थोडक्यात सांगता येईल. 'कुली' (1983) आणि 'मशाल' (1984) यांसारख्या मोठ्या चित्रपटांत ते होते, पण त्यांच्या ताकदीचा नीट उपयोग महेश भट्ट यांच्या 'सारांश'मध्ये (1984) झाला. शिवाजी पार्कच्या परिसरात राहणाऱ्या प्रधान दांपत्याच्या घरावर सावट आणणारा गजानन चित्रे हा स्थानिक पुढारी पाहताना असे वाटते की, वाड्यातला पाटील शहरात येऊन वॉर्डाचे राजकारण करू लागला आहे. हिंदी बोलताना मराठी वळण लपवण्याचा प्रयत्न ते करत नाहीत. त्या वळणामुळेच चित्रे हा कोणत्याही महानगरातला सर्वसाधारण गुंड न राहता दादर-माहीमच्या गल्लीतला, ओळखीचा वाटावा असा माणूस होतो. 1991 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अखेरच्या वर्षात, 2009 मध्ये, ते शेतकऱ्यांच्या प्रश्नावरील 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' या चित्रपटात दिसले.

या पार्श्वभूमीवर संचालनालयाकडे करायची मागणी साधी आहे आणि तिला नवे भवन वा पुतळा लागत नाही. ज्या राज्याने मराठी विश्वकोशासारखा प्रकल्प पेलला, त्याला चरित्र अभिनेत्यांचा भूमिकाकोश पेलणे कठीण नाही. भूमिकाकोश म्हणजे नटाचे जन्म-मृत्यू आणि पुरस्कार सांगणारी टिपणे नव्हेत. एकेक भूमिका हा त्याचा घटक असावा. नाटक कोणाचे, संस्था कोणती, पहिला प्रयोग कोठे आणि कधी, ती भूमिका आधी वा नंतर कोणी केली, दौऱ्यांत संहितेत काय बदलले, रंगभूषा आणि वेशभूषा कशी होती, कोणत्या परीक्षणात काय म्हटले गेले, ध्वनिमुद्रण वा छायाचित्रे कोणाकडे आहेत, हे सारे त्या एका भूमिकेखाली यावे. लोकनाट्याच्या बाबतीत तर हे अधिक निकडीचे आहे, कारण तेथे छापलेली संहिता आणि झालेला प्रयोग यांत अंतर असणे हेच त्या प्रकाराचे लक्षण आहे आणि नटाने जागेवर घातलेली भर नोंदवली नाही तर मूळ कलाच हरवते. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने प्रत्येक केंद्रावर दरवर्षी रंगकर्मी, परीक्षक आणि जुने प्रेक्षक एकत्र येतात. माहिती गोळा करण्याची यंत्रणा नव्याने उभारावी लागणार नाही. नाट्यसंस्थांच्या व्यवस्थापकांकडे प्रयोगांच्या तारखा, ठिकाणे आणि उत्पन्न टिपलेल्या वह्या असतात. त्या वारसांकडून रद्दीत जाण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढून घेतल्या, तरी अर्धे काम झाले म्हणता येईल. चित्रपटांच्या बाजूने पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे सहकार्य मागता येईल.

काम कोठून सुरू करावे, याबाबतही एक सूचना आहे. 1972 मध्ये 'सखाराम बाइंडर'चे प्रयोग ज्यांनी विशीत पाहिले, ते प्रेक्षक आज सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि त्या प्रयोगांमागे पडदा, प्रकाश आणि सामान सांभाळणाऱ्यांपैकी जे हयात असतील त्यांचे वय त्याहून अधिक असण्याचीच शक्यता आहे. विश्वकोशाच्या धर्तीवर संपादक मंडळ नेमणे, त्याची बैठक होणे आणि निधी मंजूर होणे यांत दोन आर्थिक वर्षे सहज जातात. म्हणून कोशाची रचना ठरत असतानाच, पहिली पायरी म्हणून, मुंबई आणि पुणे येथे या एका नाटकाच्या आणि 'सूर्यास्त'च्या प्रेक्षक-रंगकर्मींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम चालू अर्थसंकल्पातील उपलब्ध तरतुदीतून हाती घ्यावे, त्यासाठी दोन्ही शहरांतील नाट्यविभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मदत घ्यावी, आणि त्या मुलाखतींची सूची संचालनालयाने सर्वांसाठी खुली करावी.

कळावे.

मराठी रंगभूमी व चित्रपट यांचा एक अभ्यासक